मुळावरची गाठ आणि मंगलाबाईंचं दही

मित्रांनो, मी एक जुनी उबवणपेटी आहे. माझ्यातून पिल्लू निघेल म्हणून थांबू नका. माझ्यात जिवाणू वाढवतात. माझा जन्म अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये झाला. नाशिकच्या या कॉलेजात आले तेव्हा मला हार घातला होता. आता माझं दार सुतळीने बांधतात आणि डोक्यावर इथे शिकणाऱ्या ललितचं हेल्मेट असतं. तक्रार नाही. पेटीनेही वाहतुकीचे नियम पाळावेत.

यंदा ललितच्याच वर्गातल्या सायलीने माझ्या पोटात मोठी जोखीम ठेवली. हरसूलच्या एका उतारावर तिला शेंगांचा रानवेल सापडला होता. अशा वेलांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून झाडाला भरवतात. या वेलाचे जिवाणू आजवर कुणी पाहिलेच नसावेत, असं तिला वाटे. तिने गाठी धुतल्या, ठेचल्या आणि रस काचेच्या बशांत पसरला. लगेचच तो उतार रस्त्यासाठी खणला गेला. वेल संपला. उरल्या माझ्यातल्या बशा आणि मूठभर बिया.

माझी झोप उडाली. पेटीला झोप नसते, तरी उडाली.

त्यात जानेवारीची थंडी. प्रयोगशाळेतल्या मदतनीस मंगलाबाईंचं दही काही लागेना. एका संध्याकाळी त्यांनी विरजण लावलेलं पातेलं गुपचूप माझ्यात ठेवलं आणि उष्णतेचं बटण पार शेवटापर्यंत फिरवलं. मी तापत गेले. ओरडता येईना, म्हणून घरघरले. "दमानं गं बाई," म्हणत त्यांनी मला थोपटलं आणि त्या घरी गेल्या.

सकाळी दही असं लागलं होतं की सुरीने कापावं. बशा मात्र कोऱ्याच; त्या उष्णतेत एकही जिवाणू उगवला नव्हता.

"मावशी, हे काय केलंत?" सायली एकेक बशी उजेडात धरून बघू लागली.

"अगं, थंडीत लोक द्राक्षांलाबी शेकोट्या पेटवतात. माझ्या दह्यानंच काय घोडं मारलंय?" मग तिचा चेहरा बघून त्या हळूच म्हणाल्या, "समदं मेलं का गं?"

सायलीने बटण जागेवर आणलं. बऱ्याच दिवसांनी एका बशीत एकच ओलसर, पांढरा ठिपका उगवला. आनंद? छे! हा वेलाचा की दह्याचा?

सायलीने जपलेल्या बिया दोन कुंड्यांत, बिनखताच्या वाळूत पेरल्या. एका कुंडीला तो ठिपका दिला. दुसरीला ललितने चमचाभर दही वाढलं.

"दहीवालीला गाठी आल्या तर शिक्षण सोडून डेअरी टाकू," तो गंभीरपणे म्हणाला.

रोपं उगवली, पण दोन्ही कुंड्यांत पिवळी पडत चालली. मंगलाबाई येता-जाता डोकावत. मग एका सकाळी पहिल्या कुंडीत हिरवा रंग चढू लागला. दुसरी पिवळीच. सायलीने त्यातलं एक रोप उपटलं. मुळावर गाठ! ब्लेडने कापली, तर आतून गुलाबी. गाठ काम करतेय याची ती खूण.

"दही गुलाबी नसतं," ललितने निकाल दिला.

"जगलं गं लेकरू," म्हणत मंगलाबाईंनी कुंडीवरून हात फिरवला.

तो जिवाणू खरंच नवा आहे का, हे अजून तपासायचंय. तोवर मंगलाबाई दही घरीच, गोधडीत गुंडाळून लावतात. मित्रांनो, कुणालाही ऊब द्यायच्या आधी आत आणखी कोण आहे ते विचारा. आम्ही यंत्रं सांगू शकत नाही. आम्ही फक्त घरघरतो, आणि तुम्ही थोपटून घरी जाता.