काकांचा अबोला

भोंगा हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण घरात तिला सगळे त्याच नावाने हाक मारायचे, आणि का ते आज ती दुकानात शिरल्या शिरल्या काकांना पुन्हा कळलं.

"काका! उद्या चर्चमध्ये माझं दृढीकरण! सगळ्यांसमोर विश्वास कबूल करायचाय. तुम्ही येताय!"

काका जुन्या खुर्च्यांना नवं कापड मढवत होते. ओठांत चुका, म्हणजे बारीक खिळे, धरलेले, हातात हातोडी. काकू आजारात झिजून गेली, तेव्हापासून ते चर्चची पायरी चढले नव्हते. आणि भोंग्याला पहिली प्रार्थना शिकवली होती ती काकूनेच! उद्या दोघांपैकी निदान एक जण तरी बाकावर नको का?

"कशासाठी यायचं?" काका दातांतून म्हणाले.

"तारणासाठी!"

"बँकेत ठेवतात ते?"

झालं सुरू! भोंग्याने पाठ केलेली उत्तरं बाहेर काढली. "दुःखातून माणूस सोन्यासारखा तावून सुलाखून निघतो, काका."

"तुझी काकू सोनं नव्हती. माणूस होती." ठक्. चूक लाकडात गेली.

"पण देवाने स्वतःच्या पुत्रालाही दुःखातून वगळलं नाही!"

"बरं, मग दोघांना दुखलं. काकूचं कमी झालं का त्याने?" ठक्.

पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं, तर घडा कुठला पालथा? तिचंच पाणी संपलं होतं.

"मला नाही माहीत!" ती किंचाळली. "मीपण रोज भांडते त्याच्याशी काकूवरून. तो गप्प बसतो, मी परत भांडते. निदान बोलते तरी! तुम्ही नुसता अबोला धरून बसलाय!"

"जो नाहीच, त्याच्याशी कसला अबोला?"

"तेच विचारतेय ना मी!"

हातोडी थांबली. काकांनी उरलेल्या चुका तळहातावर काढल्या.

"सांग त्याला," ते म्हणाले, "मी बोलणार नाहीये."

"तुमचं तुम्ही सांगा! मी काय निरोप्या आहे?"

तिने दार आपटलं. दप्तराचा पट्टा कडीत अडकला आणि सोडवायला मागे वळावं लागलं, म्हणून राग दुप्पट.

दुसऱ्या दिवशी काका आले. शेवटचा बाक, हाताची घडी, ओठ घट्ट मिटलेले. पाळकांनी तिच्या डोक्यावरचा हात काढताच भोंग्याने मान वळवून पाहिलं, तर काका तिच्याकडे बघतच नव्हते! नजर तिच्या डोक्यावरून थेट क्रूसावर रोखलेली. आता आधी तू बोल, अशी.

घसा फोडून बोलावलं कुणी, आणि हे बघतायत कुणाकडे! भोंगा 'आमेन' म्हणाली, तेही धुसफुसतच.