वायरीवरचं खोबरेल

*माझ्या गं घराला, भिंती चार न् कान आठ,*
*कुणापाशी सोडू बाई, माझ्या जिवाची ही गाठ.*

धम्मरत्नच्या कानात हा आवाज लहानपणापासून बसलेला आहे. तळेगाव दाभाड्यात त्यांच्या खोलीला लागून गोजाबाईची खोली होती. नवऱ्याचा मार खाऊन झाला की ती भांडी घासायला बसायची आणि राखेच्या हातांनी, सुजल्या ओठांनी हे म्हणायची. मधली भिंत एका विटेची. भिंतीअलीकडची, धम्मरत्नच्या घरची माणसं रेडिओ मोठा करायची. एका सकाळी गाणं आलं नाही, आणि पुढे कधीच आलं नाही.

आता धम्मरत्न भोसरीत घरोघरी ब्रॉडबँडच्या तक्रारी बघत फिरतो. खांद्याला बॅग, गाडीच्या हँडलला वायरचं भेंडोळं. गुरुवारी कारखाने बंद, माणसं घरी, म्हणून तक्रारीही त्याच दिवशी जास्त. या गुरुवारी रविराज नावाच्या गिऱ्हाइकाची तक्रार पुन्हा आली होती. दुपारी नेट जातं, मग येतं, आलं तरी रखडतं. मागच्या वेळी धम्मरत्ननं गाडीवर बसल्या बसल्याच फोनवर उरकलं होतं. या धंद्यात सगळेच सांगतात तेच त्यानं सांगितलं, "आमच्याकडून लाइन ओके आहे, दादा. घरातूनच बंद होतंय."

दार रविराजच्या बायकोनं, विजयश्रीनं उघडलं. खालच्या ओठाला टाके होते, आणि डाव्या डोळ्याखाली जांभळाच्या सालीसारखा रंग.

"या," ती म्हणाली. ओठ न हलवता.

एकच खोली. एका अंगाला ओटा, एका अंगाला पलंग, कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या कठड्याची मोरी. मोरीवर पडद्याची दोरी होती, पडदा नव्हता. दाराच्या वर, छताला टेकून, एक गोल पांढरा कॅमेरा सगळी खोली बघत होता. मोरीशेजारच्या बुटक्या फळीवर नेटचा डबा, आणि त्याच्याजवळ रविराजची आई यशोदाबाई मेथी निवडत बसलेली.

"ये राव," रविराज पलंगावरून म्हणाला. अंगात बनियन, हातात मोबाइल. "आज छडा लावूनच जायचं. दुपारी कंपनीत मोबाइल उघडावा, तर घर काळं. कॅमेरा बंद. हिला विचारलं तर म्हणते, मला काय माहीत."

"कॅमेरा चोरांसाठी बसवलाय का?"

"व्हय. घरातल्या चोरांसाठी." तो हसला. "मोरीचा पडदासुद्धा काढला. आडोसा ठेवला की माणसाला बुद्धी सुचते. आणि भावा, तूच म्हणालास ना, घरातूनच बंद होतंय? मग मी घरातल्यालाच विचारलं."

धम्मरत्ननं विजयश्रीच्या ओठाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. आपलं फोनवरचं एक वाक्य या बाईच्या तोंडावर टाके होऊन बसलंय, हे त्याला कळलं. आज जे बोलू त्याचेही वळ तिथंच उमटणार.

तो गच्चीवर गेला. खांबावरून आलेली वायर मीटरला लावली. तिच्यातल्या केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो, आणि तो पुरेसा आहे की मंद हे मीटर सांगतो. गच्चीवर उजेड चांगला होता. खाली खोलीत येऊन त्यानं डब्याला लागलेली पिवळी वायर तपासली. इथं उजेड निम्म्यावर आला होता. म्हणजे आजार बाहेरचा नव्हता, वायरच्या टोकाला होता.

त्यानं हिरव्या तोंडाची पिन ओढून काढली आणि छोट्या भिंगाखाली धरली. काचेच्या ठिपक्यावर चिकट डाग. कुणीतरी पिन वारंवार काढत होतं, बोट लागत होतं आणि उजेड अडत होता. वास घेतला, तर खोबरेल.

विजयश्रीचे केस कोरडे, भुरभुरीत होते. म्हातारीचा पांढरा अंबाडा मात्र तेलानं चमकत होता. मेथीच्या काडीवर तिची बोटं थांबली होती.

धम्मरत्ननं घाईनं पिन फडक्यानं पुसायला घेतली. "पिन खराब आहे, दादा. आमचीच चूक. मागच्या वेळी मी न बघता बोललो. बदलून देतो, पैसे नको."

"पिन खराब," रविराज उठला. "मग मी घरी असलो की कशी चालते? बघू इकडं."

त्यानं पिन हिसकावली, चिमटीत चोळली, नाकाशी नेली.

"तेल," तो म्हणाला.

पुढचं फार पटकन झालं. त्यानं विजयश्रीच्या केसांत हात घातला आणि तिला ओढून तिचं कपाळ ओट्याच्या कडेवर आपटलं. कडप्प्यावर ओला आवाज झाला. ती ओरडली नाही, टाक्यांपाशी ओठ पुन्हा उसवला आणि हनुवटीवरून रक्ताची धार निघाली. "कुणाशी बोलतीस काळोख करून? नाव सांग." दुसऱ्यांदा आपटलं. पातेलं घरंगळलं, पीठ सांडलं, पिठात तांबडे थेंब पडले.

धम्मरत्ननं त्याला मागून धरलं. रविराजचं कोपर त्याच्या नाकावर बसलं आणि डोळ्यांपुढं काजवे चमकले. तो सावरेपर्यंत पिवळी वायर विजयश्रीच्या गळ्याभोवती होती, आणि रविराज दोन्ही हातांनी ती आवळत होता. तिच्या टाचा फरशीवर घासत होत्या. धम्मरत्ननं वायरीत बोटं घातली. बोटं कापली गेली, वायर ढिली होईना.

"दादा, मरेल ती."

"मरू दे. नाव सांगून मरू दे."

"सोड तिला, रवी." यशोदाबाई भिंतीला धरून उभी राहिली होती. "डब्याची वायर रोज मी काढते."

"तू गप बस, आई. तिला पाठीशी घालू नकोस."

"पाठीशी घालायचं आसतं तर मागंच बोलले आसते." ती गुडघे ओढत आली आणि तिनं आपला तेलकट हात लेकाच्या तोंडापुढं धरला. "घे वास. रोज हुंगतोस ना तिला. मला हुंग."

रविराजचे हात थांबले. वायर सैल झाली. विजयश्री खाली कोसळली आणि विहिरीतून काढल्यासारखी श्वास ओढू लागली. धम्मरत्न तिच्या आणि नवऱ्याच्या मध्ये बसला.

"तू? तुला कशाला लागतंय नेट बंद?"

म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. वर, छताकडे, तिनं बघितलं नाही.

"माजं गुडघं सकाळी धरत्यात. उन्हं वर आल्याबिगर मला आंगूळ होत न्हाई. तेल लावून मी त्या मोरीत उगडी बसते, रवी, आन् वरून तुजा डोळा. एकदा त्यातनं तू हिला शिव्या देत हुतास, माजा हात त्या पिवळ्या वायरीला लागला न् तुजा आवाज मधीच मेला. तवापास्नं आंगुळीला बसताना मी ती काढते, झाल्यावर लावते. पोराला कसं सांगावं, तुज्या मोबाइलात आय नागवी बसतीया म्हून? लाज वाटली मला."

ती खाली बसली, पदरानं सुनेच्या हनुवटीचं रक्त टिपत राहिली, आणि लेकाकडे पाठ करूनच म्हणाली,

"हिला ठावं हाय सगळं. इतका मार खाल्ला, पर माजं नाव न्हाई घेतलं हिनं. आन् मी हितं बसून मेथी निवडत हुते."