दारात दोन मिनिटं

अकोल्यात ऑर्केस्ट्रा काढायचं खूळ माझ्या डोक्यात १९६१ साली शिरलं. घरची काळी जमीन भाऊ कसत होता आणि मी हार्मोनियम बडवत होतो. बायको म्हणायची, घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजता. तिचं खोटं नव्हतं. पहिलं वर्षभर आमचा ऑर्केस्ट्रा म्हणजे मी, एक अकॉर्डियनवाला, एक बोंगोवाला आणि समोर शिट्ट्या मारणारी टवाळ पोरं. लोक अर्ध्यातून उठून जायचे. मग देवमन आला आणि लोक बसायला लागले. माझ्या ऑर्केस्ट्राचं यश एवढंच. बाकी मी चारचौघांत सांगतो ते सगळं फुगवलेलं आहे.

देवमन अमरावतीचा. बडनेऱ्याच्या एका अँग्लो-इंडियन रेल्वे गार्डाकडे तो गिटार शिकला. गार्डाची बदली झाली तेव्हा जाताना तो ती गिटार यालाच देऊन गेला. आमच्या ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्यानं खटपट करून तिला वीज जोडली. पहिल्या कार्यक्रमात देवमननं ट्विस्टची एक धून वाजवली आणि पुढच्या रांगेतले पोक्त वकीलसुद्धा खुर्चीत हलायला लागले. मी स्वतः हार्मोनियमवरचे हात काढून ऐकत बसलो. पुढं खामगाव, मूर्तिजापूर, यवतमाळ, सगळीकडे पोस्टरवर माझ्या नावाच्या वर त्याचं नाव असायचं. मला राग यायचा. पण तिकिटं त्याच्या नावावर खपत, म्हणून गिळायचो.

त्याची एक अट होती, पहिल्याच दिवशी घातलेली. लग्नात वाजवणार नाही, वरातीत नाही, कोणाच्या दारात नाही. स्टेजवर, खुर्चीवर बसून, तिकीट काढून आलेल्या लोकांपुढे वाजवणार.

"नखरे भारी दिसतात तुये," मी म्हणालो.

मग त्यानं सांगितलं. त्याचा बाप डोमाजी चांदूर रेल्वेजवळच्या एका गावात डफडं वाजवायचा. गावात लग्न असो की मयत, दारात उभं राहून वाजवायचं, उरलंसुरलं पदरात घ्यायचं आणि कोणी पैसा ओवाळून फेकला तर तो मातीतून वेचायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. आल्या दिवशी त्यानं डफडं फाडलं, गाव सोडलं आणि अमरावतीला येऊन हमाली धरली. त्या घरातलं कोणी पुन्हा कोणाच्या दारात वाजवणार नव्हतं.

पोरगा गिटार घेऊन आला तेव्हा डोमाजी सहा महिने त्याच्याशी बोलला नाही. शेवटी म्हणाला, "खुर्चीवर बसून वाजवशील तं वाजव. लोकं तुयापाशी आले पाह्यजे. तू लोकाईच्या दारात नको जाऊ." पण ऐकायला मात्र तो कधीच आला नाही.

"बाले एक डाव आयकवाचं हाय, नत्थुजी," प्रत्येक कार्यक्रमानंतर देवमन मला म्हणायचा. "बा फक्त म्हनला पाह्यजे, की बरं वाजवते पोरगं." एवढ्या टाळ्या पडत होत्या, पण त्याचा जीव त्या एका म्हाताऱ्यात अडकला होता.

चौसष्टच्या मे महिन्यात म्हातारा हो म्हणाला. कार्यक्रम अकोल्यातच होता, संध्याकाळी साडेसहाला, थेटरात. पहिल्या रांगेतली खुर्ची मी फुकट देत होतो, पण देवमननं नको म्हटलं. खिडकीवर उभं राहून त्याच खुर्चीचं तिकीट विकत घेतलं आणि अमरावतीला धाडलं. बाच्या हातात तिकीट पाहिजे, असं त्याचं म्हणणं.

थेटर आम्हाला मिळालं होतं ते किसनरावांच्या शब्दावर. जिल्ह्यातलं बडं प्रस्थ. त्यांच्या स्वागताला दारात बँड ठेवायची हौस माझीच. नेमकी लग्नसराई, बँडवाले एका वरातीत अडकले ते आलेच नाहीत. आणि इकडे निरोप आला की साहेब घरून निघाले. माझं डोकं फिरलं. आत देवमन तारा जुळवत बसला होता. मी म्हणालो, "चल, दारात उभा राह्य. साहेब आत येतवर दोन मिनिटं वाजव."

"दारात नाही, नत्थुजी. तुमाले ठावं हाय."

"अरे, स्टेज काय अन् दार काय! सूर तं तोच हाय ना?"

"सूर तोच हाय. मानूस तो नाही राहत."

हे मला तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी ऐकलं नसतं. माझ्या घराण्यातलं कोणी कोणाच्या दारात कधी उभं राहिलेलं नव्हतं. मी आवाज चढवला. "साहेब बिनस्वागताचे आत आले अन् बिघडले, तं आत्ता कुलूप लागंल थेटराले. तुया बा येऊन काय आयकंल मंग? कुलूप?"

त्यानं गिटार मांडीवरून खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "बा याच वक्ती येईन."

"पॅसेंजर टाइमावर आली हाय का कधी? तास दीड तास हाय तुयापाशी."

तो उठला. त्याला दारात नेलं ते बापाच्या नावानं, हे मी आजही विसरू शकत नाही. तिकीट खिडकीत अ‍ॅम्प्लिफायर ठेवला, लांब वायर ओढली, काळ्या कोटात देवमन पायरीशेजारी उभा राहिला. मोटार थांबली आणि त्यानं धून सुरू केली.

पॅसेंजर त्या दिवशी वेळेवर आली.

किसनराव पायऱ्या चढत होते, मागं त्यांची दहा-पंधरा माणसं. मी हार घेऊन पुढं झालो. तेवढ्यात गर्दीच्या कडेला धुतलेलं धोतर नेसलेला, पांढरी टोपी घातलेला, हातात तिकीट धरलेला एक म्हातारा दिसला. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण देवमनचा चेहरा पाहिला आणि समजलो. देवमनचे हात थांबले नाहीत. धून मध्येच तोडायची नाही, हा आमचा सगळ्यांत कडक नियम होता; दगड पडोत की दिवे जावोत. बोटं आपली चालत राहिली.

किसनराव खूश झाले. त्यांनी खिशातून रुपया काढला, देवमनवरून ओवाळला आणि फेकला. तो पायरीवरून घरंगळत खाली गेला. मोठा माणूस जवळून गेला तसा डोमाजी आपोआप भिंतीला सरला, टोपी काढली, आणि वाकून त्यानं रुपया उचलला. आठ वर्षांपूर्वी फाडलेलं डफडं त्या कमरेला अजून आठवत होतं. उचलल्यावर मात्र त्याला भान आलं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या हातातलं तिकीट चुरगळलं होतं.

धून संपली तेव्हा तो देवमनपाशी आला आणि रुपया त्याच्या कोटाच्या खिशात टाकला. स्टेशनच्या रस्त्यानं निघून गेला.

कार्यक्रम झाला. देवमननं एकही सूर चुकवला नाही, मान मात्र एकदाही वर केली नाही. पहिल्या रांगेतल्या त्या रिकाम्या खुर्चीवर मध्यंतरानंतर कोणीतरी हातरुमाल टाकून जागा धरली. दुसऱ्या दिवशी देवमन गेला, परत आला नाही. ऑर्केस्ट्रा चार महिन्यांत बसला. लोकांना मी सांगायचो, पोरगं डोक्यावर बसलं होतं, म्हणून काढून टाकलं.

दोन वर्षांनी डोमाजी वारल्याचं कळलं तेव्हा मी अमरावतीला गेलो. देवमन एका कचेरीत चपराशी झाला होता. गिटार त्यानं बाप गेल्यावर विकली होती. मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो आणि धीर करून विचारलं, "बानं घरातून काढलं होतं का तुले?"

"नाही. घरी गेलो त्याच दिशी जेवाले वाढलं मले. त्या गोष्टीवर कधी बोललाच नाही."

"मंग गिटार काहून सोडली?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, नजरेत राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"मरायच्या आदल्या दिशी बा बोलला, नत्थुजी. माया हात धरला आन् म्हने, चांगलं वाजवतं तू. मी आयकलं ना त्या दिशी दारात." देवमननं आपला हात पुढं केला. "म्हने, हात मायासारखाच हाय तुया. एकदम मायासारखा."