ओव्हनमधले अनारसे

पहिल्या ट्रेमधले अनारसे हसले, म्हणजे विरघळून एकमेकांत मिसळले आणि ट्रेभर गुळाची एकच जाळी झाली. श्यामलाबाईंनी उरलेल्या पिठात मूठभर तांदळाची पिठी मळली, ओव्हन वीस अंशांनी उतरवला आणि पुन्हा थापायला घेतले.

अनारसे तळायचे असतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण सुश्रुतचं पित्ताशय काढल्यापासून डॉक्टरांनी त्याचं तळण बंद केलं होतं. आणि अधिक महिना लागला होता, जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचा.

"जावई कुठला गो?" शेजारच्या इंदुबाई ओट्याला टेकून म्हणाल्या. "अंतराची फारकत होऊन वरीस झालं ना?"

"फारकत तिची झाली. माझी नाही."

"ह्या नवीनच." इंदुबाईंनी एक तोंडात टाकला. "बिस्कूट झालाय. गोड हाय, पण अनारसा नाय."

श्यामलाबाईंनी गंभीरपणे मोजले आणि एक कमी पडला म्हणून आणखी एक भाजला.

नवरा, दामोदर, गेल्यानंतर रोह्याच्या घरात त्या एकट्याच होत्या. अंतरा बंगळुरूहून रविवारी फोन करायची, बीपी किती ते विचारायची. सुश्रुतचा फोन मात्र दर बुधवारी, पेणहून, फारकतीनंतरही. पाऊस, गुडघे, गॅसचा नंबर, काहीही बोलायचा. गेले तीन महिने तो बंद होता. वाण घेतलं तर तो अजून जावई, आणि जावई असला तर बुधवारही परत येईल, एवढंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

पेणला जाणारी एसटी नागोठण्याला बराच वेळ थांबली. त्यांनी डबा मांडीवरून हलवला नाही.

दार सुश्रुतनेच उघडलं. "बाई? तुम्ही?"

दहावीला त्यांच्या वर्गात होता तेव्हा तो त्यांना बाई म्हणायचा. लग्न ठरल्यावर आठवडाभर अडखळत अडखळत 'आई'वर आला होता. आता अडखळला नाही.

"कोण आलंय?" आतून बाईमाणसाचा आवाज आला.

"आमच्या शाळेतल्या बाई," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "मागच्या महिन्यात आम्ही रजिस्टर केलं. तुम्हाला कसं सांगायचं, तेच कळेना." त्याची नजर डब्यावर गेली. "अधिकाचं आहे का?"

वाणावर ठेवायचा दिवा पर्समध्ये होता. त्यांनी पर्सची चेन ओढून घेतली.

"नाही रे," त्या म्हणाल्या. जावई झाल्यापासून त्यांनी त्याला अहोजाहोच केलं होतं. "ओव्हनमध्ये जमतात का बघत होते. तुला तळलेलं चालत नाही ना, म्हणून आणले."

त्याची नवी बायको, हेमांगी, पाणी घेऊन आली. तिने एक अनारसा मोडून खाल्ला आणि खरंच आवडल्यासारखा दुसरा घेतला.

"किती वेळ ठेवलेत, बाई?"

"अठरा मिनिटं. खसखशीची बाजू वर."

सुश्रुत खाली बघत खात होता. बुधवारबद्दल कोणी काही बोललं नाही.

"डबा मोकळा करून देऊ?" हेमांगीने विचारलं.

राहू दे, कधी रोह्याला याल तेव्हा आणा, असं श्यामलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं. त्यांनी सुश्रुतकडे पाहिलं. तो बशीतले कण बोटाने गोळा करत होता.

"दे," त्या म्हणाल्या. "चारची गाडी गाठायची आहे."