कुंताबाईचा कोठा

मी एक कोठा बोलतोय. कोठा म्हणजे गोठाच. आमच्या वर्धा जिल्ह्यात गुराढोरांच्या घराला असंच म्हणतात. रोहण्याहून पायी निघालं की कपाशीच्या शेतांपलीकडे माझं लहानसं गाव लागतं. मातीच्या भिंती, बाभळीचे खांब, डोक्यावर कवेलूंचं छप्पर आणि पुढे ऐसपैस अंगण, एवढाच माझा ऐवज.

दोन भावांच्या वडिलांनी मला बांधलं. वडील गेले, पाठोपाठ थोरला भाऊही गेला. त्याची बायको कुंताबाई मागे राहिली. मूलबाळ नव्हतं. तिने बैल विकले, शेत बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दुसऱ्याला कसायला दिलं आणि मी रिकामा झालो. धाकटा भाऊ दौलतराव शेजारच्या घरात राही. माझ्यात अर्धा हिस्सा त्याचा होता, पण त्याची गुरं शेतात असत. त्यामुळे माझ्याकडे कुणी पाहत नव्हतं.

माणसांची एक रीत मला कधी कळली नाही. माझ्यात जनावर मेलं की गावाबाहेरच्या वस्तीतून प्रेमदासला बोलवत. ते ओढून न्यायला तो थेट आत येई. एरवी मात्र त्याने माझ्या अंगणातही पाय ठेवायचा नाही.

देश स्वतंत्र झाल्यावर काही वर्षांनी गावात शाळा आली. आर्वीकडचे वासुदेवराव गुरुजी फळा घेऊन आले. शाळेला घर नव्हतं, म्हणून ती मारुतीच्या देवळात भरू लागली. गावातली मुलं मंडपात बसत आणि वस्तीतली मुलं खाली पायऱ्यांपाशी, उघड्यावर. गुरुजी मंडपाच्या कडेला उभे राहून दोन्हीकडे ऐकू जाईल असं शिकवत. त्यामुळे त्यांचा घसा नेहमी बसलेला असे.

चैत्रातल्या एका सकाळी प्रेमदासची मुलगी पंचफुला पाटी हातात घेऊन तिथेच कोसळली. ऊन लागलं होतं. कुंताबाई देवाला पाणी घालायला आली होती. हातातला तांब्या तिने पोरीच्याच डोक्यावर रिता केला, तिला उचललं आणि सावलीत आणलं. ती सावली माझी होती.

मागून गुरुजी धावत आले.

"काऊन गुरुजी, या पोट्टीले उन्हात काऊन बसवलं?"

"काय करू, कुंताबाई? मंडपात घेऊ देत नाहीत."

कुंताबाई बराच वेळ पदराने पोरीला वारा घालत राहिली. मग म्हणाली, "देवाच्या घरी जागा नसन, तं माह्या ढोराच्या घरी आना शाळा. इथं कोनाले मनाई नाई."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फळा आणायला गेले.

कुंताबाईने मला झाडलं, सारवलं. गव्हाणीत दौती आणि पुस्तकं ठेवली. एवढं माझं कौतुक कधी झालं नव्हतं. पण शाळा भरली तेव्हा फक्त वस्तीतली मुलं आली. गावातल्यांनी आपली मुलं घरी ठेवली. त्यात सगळ्यांत पुढे दौलतराव होता. त्याची मुलगी नलू रडली, तरी तिला त्याने सोडलं नाही.

एवढ्यावर तो थांबला नाही. एका सकाळी तो आपली बैलजोडी घेऊन थेट वर्गात शिरला.

"वहिनी, अर्धा कोठा माहा हाये. माहे बैल इथंच बांधीन."

पोरं उठून भिंतीला चिकटली. मलाही वाटलं, संपली शाळा. कुंताबाई दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "बांधा ना भाऊजी. अर्ध्यात बैल, अर्ध्यात शाळा. मुक्या जनावराले पाढे आयकाले काय मनाई हाये?"

दौलतरावाने बैल बांधले. गुरुजींनी मुलांना दुसऱ्या बाजूला बसवलं आणि धडा पुढे सुरू केला. मध्येच बैल फुरफुरत, शेण टाकत, शेपटीने फळा पुसत. मुलं हसत. गुरुजी पुन्हा लिहीत.

आता बैल आले म्हणजे चारा आला. चारा टाकायचं काम घरात नलूकडे होतं. ती कडब्याची पेंढी घेऊन येई आणि एकेक धाट बैलापुढे टाकी. एवढ्या सावकाश चारा टाकणारं माणूस मी तरी पाहिलं नव्हतं. पंचफुला पाढा म्हणे आणि बैलाच्या आडून नलूचे ओठ हलत. एकदा पंचफुलाने आपली फुटकी पाटी हळूच बैलाच्या पोटाखालून तिच्याकडे सरकवली. मी पाहिलं. गुरुजींनीही पाहिलं आणि ते फळ्याकडे वळले.

एके दिवशी गुरुजींनी विचारलं, "बारा साते?"

कुणालाच येईना. तेवढ्यात बैलामागून आवाज आला, "चौऱ्याऐंशी!"

वखरासाठी बैल न्यायला दौलतराव नेमका तेव्हाच दारात येऊन उभा होता.

"कोनं शिकवलं तुले?" त्याने विचारलं.

नलूने बैलाच्या पाठीवर हात ठेवला. "कोनं नाई, बाबा. मी तं चारा टाकून राह्यली."

दौलतराव हसला नाही, रागावलाही नाही. दावी सोडून बैल घेऊन निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो नलूला घेऊन आला. बैल नव्हते. कुणाकडे न पाहता म्हणाला, "इथं माश्या लय होतात. बैल शेतातच बांधतो. अन् नले, चारा नाई टाकाचा आता. बस तिकडं."

नलू पंचफुलाशेजारी जाऊन बसली. मग हळूहळू गावातली इतर मुलंही आली. काही दूर सरकून बसत. पण माझी जागाच केवढीशी! दूर सरकून कुठवर सरकणार?

छप्पन साली दसऱ्याला प्रेमदास आणि वस्तीतली माणसं पांढरी वस्त्रं नेसून नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. त्यानंतर दौलतरावाची गाय मेली. बोलावणं गेलं तेव्हा प्रेमदास म्हणाला, "दौलतराव, ते काम आता आमी सोडलं." त्याचा आवाज चढला नव्हता, खालीही गेला नव्हता. दौलतराव धुसफुसला, पण शेवटी मुलाला घेऊन त्याने स्वतःच गाय ओढून नेली. पंचफुला आणि नलू मात्र शाळेत शेजारीच बसत राहिल्या.

दोन हिवाळ्यांनंतर कुंताबाई आजारी पडली आणि गेली. तिला माझ्याच अंगणात ठेवलं होतं. तिरडी उचलायची वेळ झाली. विस्तवाचं मडकं धरून दौलतराव पुढे उभा होता. वस्तीतली माणसं कुंपणापाशी थांबली होती. त्यांच्यातून प्रेमदास पुढे आला आणि तिरडीजवळ थबकला. कुणीतरी पुटपुटलं. मी श्वास रोखला. कोठ्यालाही श्वास असतो, हे मला त्या वेळी कळलं.

दौलतराव वळला. खांदेकऱ्यांत त्याचा मुलगा चंद्रभान होता. त्याला म्हणाला, "चंद्रभान, सरक जरा. प्रेमदासले लागू दे खांदा."

चंद्रभान सरकला. कुंताबाई निघाली.

बायका स्मशानात जात नाहीत. अंगणात मागे पंचफुला आणि नलू राहिल्या. डोळे पुसत त्यांनी शेण कालवलं आणि तिला ठेवलं होतं ती जागा दोघींनी मिळून सारवायला घेतली. शेजारीण म्हणाली, "राहू द्या ना पोरींनो, उद्या सारवजा."

"नाई मावशी," पंचफुला म्हणाली, "उद्या शाळा हाये."

आता एकोणसाठ साल सरत आलं. गावाला विटांची शाळा मिळाली. फळा तिकडे गेला. माझ्यात कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या भरल्या आहेत, मागची भिंत खचली आहे. मला पाडायचं चाललंय. पाडा, माझं काही म्हणणं नाही. नव्या शाळेच्या दारावर उद्घाटनाचा दगड बसवलाय, त्यावर मोठी नावं कोरली आहेत. मुलांना ती जरूर वाचून दाखवा. फक्त वाचून झालं की पोरांना एक नाव तोंडीही सांगा. ते दगडावर नाही.