शाईत लिहिण्याआधी

डोळ्यांसमोर आणा बरं एक लांबट खोली. दाराजवळ पुस्तकांचे ढीग आहेत, कुणाची पानं सुटलेली, कुणाचा पुठ्ठा लोंबकळतोय. भिंतीशी पुस्तकं दाबून धरायचं लोखंडी यंत्र आहे, त्याचं चाक तुमच्या डोक्यापेक्षा मोठं. वास येतोय ताज्या खळीचा आणि जुन्या कागदाचा. आता मधल्या टेबलावरचा सुईदोरा बाजूला सारा आणि तिथे शनिवारच्या वर्तमानपत्राचं एक पान पसरा. काळ्यापांढऱ्या चौकोनांचं शब्दकोडं आहे त्यावर. आणि टेबलाशी उंच स्टुलावर पाय हलवत बसलेली ती नऊ वर्षांची मुलगी दिसली का? तिला घरात सगळे मिरी म्हणत. दिसायला एवढीशी, पण दाताखाली आली की कळतं, म्हणून.

खोली तिच्या आजोबांची. पन्नास वर्षं ते तिथे पुस्तकं बांधत आले होते. शनिवारी दुपारी मात्र काम बंद. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे मिरीची आत्याआजी, जेवून यायची आणि तिघं कोड्याला बसायची. आत्याआजीचा जन्म औषधांच्या दुकानात गेलेला. काहीही दोनदा वाचल्याशिवाय ती हात लावत नसे.

हे कोडं साधं नव्हतं. साध्या कोड्यात ‘फूल’ असं छापलेलं असतं, आपण फुलाचं नाव लिहून मोकळे होतो. इथे प्रत्येक सूत्र सोंग घेऊन यायचं. ‘नदी उलटी वाहिली, झाली गरीब. दोन अक्षरं.’

“नदी उलटी वाच,” आजोबा म्हणायचे.

“दी... न. दीन! दीन म्हणजे गरीब!”

किंवा ‘एक मलम उघडा, फूल मिळेल. तीन अक्षरं.’ आजोबा दोन्ही शब्द जवळजवळ लिहून पहिल्या आणि शेवटच्या अक्षरावर बोटं ठेवायचे. मधे उरायचं ‘कमल’. मिरी टाळ्या पिटायची.

आजोबांचे दोन नियम होते. पहिला, सूत्रात फुकट बसून खाणारा शब्द नसतो, प्रत्येकाला काही ना काही काम असतं. दुसरा, उत्तर आधी पेन्सिलीनं लिहायचं. मग ते टेबलाशी बसलेल्या सगळ्यांत लहान माणसाला समजावून सांगायचं. त्या माणसानं ‘समजलं’ म्हटलं, की मगच शाई.

सगळ्यांत लहान माणूस अर्थातच मिरी. म्हणजे बघा, तिच्या एका शब्दावाचून दोन म्हाताऱ्यांचं पेन हलत नसे.

सुरुवातीला ती खरंच समजल्यावर ‘समजलं’ म्हणायची. मग एका शनिवारी एक सूत्र तिला तीनदा सांगूनही कळेना, तेवढ्यात आत्याआजीनं घड्याळाकडे पाहिलं. बाईंना बस गाठायची होती, दुसरं काही नाही. पण मिरीच्या मनानं घेतलं, की आपण यांचा खोळंबा करतोय. असंच चाललं तर म्हणतील, जा बाळ, बाहेर खेळ. तेव्हापासून ती अर्धवट कळलं तरी मान हलवू लागली. हळूहळू अजिबात कळलं नाही तरीही.

त्या वर्षी आजोबा मोठ्या आजारातून उठले होते. हात पूर्वीसारखे चालत होते, पण डोक्याचा त्यांना भरवसा वाटेना. आणि त्या शनिवारी सूत्र आलं: ‘सागर जवळ आला, पोटात निकड. तीन अक्षरं.’

“भरती!” आजोबा लगेच म्हणाले. “सागर जवळ येतो तो भरतीला. आणि निकड म्हणशील तर, भरती आली की होड्यांना निघायची निकड असतेच. समजलं?”

मिरीच्या मनात आलं, मग ‘पोटात’ कशाला? आजोबांनी जणू ते ऐकलंच. “पोटात वगैरे सजावट आहे गं,” ते म्हणाले आणि पेनचं टोपण काढून वाट पाहू लागले.

“समजलं,” मिरी म्हणाली.

भरती शाईत गेली. आणि तिथून सगळं अडलं.

भरतीच्या ‘ती’पासून एक उभा शब्द सुरू होत होता: ‘आजच्या शेवटी मासा, उभं राहायला. तीन अक्षरं.’ आजोबांनी ती-तीर-तीळ सगळं करून पाहिलं. आत्याआजीनं सूत्र चारदा वाचलं. बाकीचं कोडं भरलं, हा कोपरा तेवढा पडलेल्या दाताच्या जागेसारखा मोकळा. तास गेला. चहा दोनदा झाला.

शेवटी आजोबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “पुरे,” ते म्हणाले. “कोडं नाही अडलं, माझं डोकं अडलंय. आजारानं नेलं ते नेलं.”

“काहीतरीच बोलू नकोस, दादा. एका कोड्यानं कुणी म्हातारं होत नाही. तू आधीपासूनच आहेस.”

एरवी आजोबा यावर हसले असते. आज त्यांनी पानाची घडी घातली. “पुढच्या शनिवारपासून नको बसायला. लोकांची पुस्तकं हातात घेताना तरी माझा मला विश्वास हवा. हे दर शनिवारी नापास होणं नको.”

मिरीचे पाय हलायचे थांबले. तिला ठाऊक होतं, डोकं अडलेलं नाही. ती एक शब्द खोटा बोलली होती, तो तिथे अडला होता. सांगावं तर आपण लबाड ठरतो. न सांगावं तर आजोबा स्वतःला कामातून गेलेले समजून बसतील. ती म्हणाली, “आजोबा, मला भरती समजली नव्हती.”

“काय?”

“तुम्ही म्हणता ना, फुकट बसून खाणारा शब्द नसतो. मग ‘पोटात’ काय करतोय? मला तेव्हाच वाटलेलं. तरी मी समजलं म्हटलं. मी पुष्कळदा म्हणते. नाही समजलं तरी.”

“नंदीबैल बसवलाय आपण टेबलाशी!” आत्याआजी म्हणाली. पण आजोबांनी हात वर केला. त्यांनी घडी उलगडली, चष्मा लावला आणि पान मिरीपुढे सरकवलं.

“पोटात,” ते हळूच म्हणाले. “तूच सांग, कुणाच्या पोटात बघायचं?”

“सागरच्या?”

“एकट्या सागरमध्ये काय सापडतंय?”

मिरीनं एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. “सा, ग, र. जवळ. ज, व, ळ...” मग तिनं एक बोट ‘सा’वर ठेवलं, दुसऱ्या हातानं ‘वळ’ झाकलं, आणि मधे उरलेली तीन अक्षरं तिच्याकडे बघून हसली. “ग-र-ज! गरज! आजोबा, गरज म्हणजे निकड!”

“आणि माझ्या होड्या बसल्या गाळात,” आजोबा म्हणाले. त्यांनी पांढऱ्या कागदाचे तीन चौकोन कातरले, खळीचं बोट लावून भरतीवर चिकटवले आणि बोटानं दाबले. त्यावर पेन्सिलीनं लिहिलं, गरज. उभा शब्द आता ‘ज’नं सुरू झाला.

“आजच्या शेवटी!” आत्याआजी ओरडली. “‘आज’ शब्दाच्या शेवटी काय? ज! मग मासा. मासा म्हणजे मीन. ज, मीन...”

“जमीन!” तिघं एकदम म्हणाली. “उभं राहायला!”

आजोबांनी मिरीचा हात आपल्या खळ लागलेल्या दोन्ही हातांत घेतला.

“उपकार झाले हो बाई तुमचे,” ते म्हणाले. थट्टेनं सुरुवात केली होती, पण आवाज मधेच ओला झाला. “मी आज स्वतःला मोडीत काढून मोकळा झालो होतो. तुझ्यामुळे कळलं, डोकं आहे जागेवर, घाई तेवढी जास्त झालीये. आणि लबाडी म्हणशील तर माझीही झाली. जे मला समजावता येईना, त्याला मी सजावट म्हटलं. तुला ‘नाही समजलं’ म्हणायला जागा मी ठेवली नाही.”

“मीही नाही ठेवली,” आत्याआजी म्हणाली. मिरीनं घड्याळाची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. “अगं, बस दर वीस मिनिटांनी असते. नात एकच आहे.”

आजोबांनी पेन उघडलं. “गरज आणि जमीन. समजलं?”

मिरीनं दोन्ही सूत्रं पुन्हा वाचली, प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवत. ‘उभं राहायला’पाशी थोडी थांबली, मग हसली. “समजलं. खरंखुरं.”

पाचही चौकोनांत शाई भरली. आत्याआजीनं पिशवी खांद्याला लावली.

मिरी स्टुलावरून उतरली, कपाटाकडे गेली आणि गेल्या चार महिन्यांची सोडवलेली कोडी दोन्ही हातांत धरून घेऊन आली. टेबलावर तिनं ती धप्पकन ठेवली, सगळ्यांत वरच्यातल्या सातव्या आडव्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “आजोबा, हे पण नाही समजलं.”