ड्रिंक्सनंतरची षटकं

दादाने अंतिम सामन्यात शतक केलं आणि आमचा क्लब पाच धावांनी हरला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे की नाही, वाद एवढाच होता.

क्लब म्हणजे मैदानाच्या कडेची एक पत्र्याची खोली. आत ओल्या हातमोज्यांचा वास, दोन बाकं, आणि भिंतीवर हिरवा फळा. फळ्यावर शतक करणाऱ्यांची नावं पांढऱ्या रंगात लिहिलेली. अंतिम सामन्यातलं शतक त्यात एकही नव्हतं. दादाचं पहिलंच. पण नाव रंगवायचं राहिलं बाजूला, क्लबच्या ग्रुपवर त्याची धुलाई सुरू झाली.

'यांचं शतक झालं, आमचं वाटोळं झालं,' यष्टिरक्षकाने लिहिलं. स्टंपमागे त्याचं तोंड मिटत नाही म्हणून त्याला सगळे पोपट म्हणतात. 'आम्हाला कप दिसत होता, साहेबांना फळा दिसत होता.' खाली हसणाऱ्या तोंडांची रांग. कप्तान मात्र हसला नाही. त्याने लिहिलं, स्वतःसाठी खेळणारा माणूस पुढच्या मोसमात संघात नको. शनिवारी संध्याकाळी बैठकीत काय ते ठरवू.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. आठवडाभर तो अंधाऱ्या विहिरीसारख्या पोकळीत लोंबकळतो आणि रविवारी मैदानात उभा राहतो. तो रविवार काढून घेतला तर त्याचं काय उरेल? मी क्लबची स्कोअरर आहे. प्रत्येक चेंडू मीच मोबाइलमध्ये नोंदवला होता. तेव्हा बचावही मीच करायचा, असं मी ठरवलं.

मी बांधकामाचं साहित्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. काँक्रीटचे ठोकळे यंत्रात दाबायचे आणि किती भाराला फुटले ते लिहायचं. एखादा ठोकळा भलत्याच भाराला फुटला तर तो आकडा आवडला नाही म्हणून खोडता येत नाही. का फुटला ते शोधावं लागतं. त्याच सवयीने मी दादाच्या डावाचा आलेख काढला.

ड्रिंक्सपर्यंत रेघ छान चढत होती. तेव्हा तो एकाहत्तरवर होता. तिथून पुढची बारा षटकं रेघ जवळजवळ आडवी पडली होती. मग शतक, आणि शतकाच्या पुढच्याच चेंडूपासून रेघ पुन्हा उभी. शेवटच्या चार षटकांत त्याने असे काही फटके मारले की पाच धावा कमी पडल्याची कोणालाही हळहळ वाटावी. पोपटाचं म्हणणं नेमकं हेच होतं. "शतक झाल्यावर बरे हात सुटले!"

मी मुद्दे काढले. चेंडू जुना झाला होता. त्यांचा फिरकीवाला त्याच बारा षटकांत टाकत होता. समोरचे चार जण त्याच काळात बाद झाले, म्हणजे एक टोक कोणीतरी धरायलाच हवं होतं. सगळं खरं होतं. तरी काही चेंडू उरले. गुडघ्याएवढे आलेले फुलटॉस, जे दादा झोपेतही सीमेपार धाडेल, ते त्याने निमूट परत ढकलले होते. सोप्या एकेरी धावा नाकारून जोडीदाराला माघारी पाठवलं होतं. आणि शतक झाल्यावर बॅटसुद्धा उंचावली नव्हती. हे कशातच बसेना. बैठकीत कोणी विचारलंच तर उत्तर हवं, म्हणून शनिवारी दुपारी मी त्याच्या घरी गेले.

"या, शास्त्रज्ञबाई," दार उघडत तो म्हणाला. "आज कोणाचा ठोकळा फोडायचाय?"

"तुझाच. वहिनी कुठंय?"

"माहेरी."

मी लॅपटॉप उघडून जमिनीवरच बसले. खुर्ची शोधली होती, पण दिसली नाही. आलेख दाखवत मी बोलत सुटले. फिरकीवाला, जुना चेंडू, पडलेल्या विकेटी. दादा मान हलवत होता, पण बघत खिडकीकडे होता. खिडकीशी वहिनीचं शिवणयंत्र असतं. ती लोकांचे पडदे शिवून देते. आता तिथे जमिनीवर अंथरलेल्या लिनोलियमवर यंत्राच्या पायांचे खड्डे तेवढे होते.

"मशीन दुरुस्तीला टाकलं का?"

"नाही."

मग मला बाकीचं दिसायला लागलं. आरशाचं कपाट नव्हतं, त्याच्यामागची भिंत आजूबाजूच्या भिंतीपेक्षा उजळ होती. दोरीवर फक्त त्याचे पांढरे कपडे. इतका वेळ या खोलीत बसून मी स्क्रीनवरची एक रेघ बघत होते.

"दादा?"

"काय विचारायचं होतं तुला?" तो म्हणाला. "फुलटॉसचं ना? विचार."

मी लॅपटॉप मिटला. त्याने आपणहून सांगितलं.

"सामन्याच्या दिवशी सकाळी ती म्हणाली, आज जाऊ नकोस. आज आपण बसून बोलू. मी म्हटलं, अगं, फायनल आहे. ती म्हणाली, तुझं नेहमीच काहीतरी असतं. मी किट उचललं आणि निघालो. ड्रिंक्सला मोबाइल बघितला. तिचा मेसेज होता. टेम्पो आलाय, सामान भरतेय."

"मग तू निघायचंस ना! विकेट टाकायची आणि—"

"तेच तर," तो म्हणाला. "बाद झालो असतो तर घरी जावं लागलं असतं. घर काही लांब नाही. गेलो असतो तर थांब म्हणावं लागलं असतं. आणि ती नाही म्हणाली असती. माझ्या तोंडावर." त्याने हाताने लिनोलियमवरचा एक खड्डा चाचपला. "क्रीझवर मला कोणी काही विचारत नव्हतं. म्हणून बाद व्हायचं नाही, एवढंच डोक्यात होतं. धावा किती झाल्या, किती हव्यात, देवाशपथ सांगतो, मला काहीच कळत नव्हतं."

मला एक गोष्ट आठवली. अठ्ठ्याण्णववर असताना त्याने धावत आलेल्या गोलंदाजाला हात दाखवून थांबवलं होतं. पोपटाने त्याची टर उडवली होती. साहेबांना नव्वदीचा ताप चढला.

"तेव्हा मागच्या रस्त्याने टेम्पो गेला," दादा म्हणाला. "कपाट वर उभं बांधलं होतं. आरशावरून ऊन थेट माझ्या डोळ्यांत आलं. मी बघत राहिलो तो वळेपर्यंत. मग काय, मारायला मोकळा झालो. पुढचा चेंडू चौकार गेला. लोक टाळ्या का वाजवतायत, मला समजेना."

माझ्या आलेखातला एकेक वाकडा बिंदू जागेवर बसला होता. प्रयोगशाळेत असं झालं की मला आनंद होतो.

"हे त्यांना सांगू," मी म्हणाले. "आज सांगितलं तर कोणी ब्रसुद्धा काढणार नाही."

"खबरदार," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने हा शब्द मला उद्देशून वापरला नव्हता. "तिचं नाव त्या खोलीत घ्यायचं नाही. तिला गाडीत बसवून दिलं नाही मी, निदान तिची चर्चा तरी करणार नाही. तुझी फिरकी, तुझा जुना चेंडू, काय ते सांग."

संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत दहाबारा जण दाटीवाटीने बसले होते. दादा दाराशी उभा. क्लबचे अध्यक्ष काका, ज्यांनी हा फळा स्वतः रंगवला होता, ते म्हणाले, "बोल पोरी."

मी बोलले. आकडे दाखवले. कप्तान लक्ष देऊन ऐकत होता. समोरच्या चार विकेटींचा मुद्दा आला तेव्हा त्याने मानही हलवली. मला वाटलं, जमतंय.

"ते झालं गं," पोपट म्हणाला. "पण फुलटॉसचं काय? तो काय फिरकीचा गूढ चेंडू होता?"

मी लॅपटॉपकडे बघितलं.

"मला ठाऊक आहे," पोपट हसत पुढे म्हणाला. "वहिनींनी दम दिला असणार. शतक केल्याशिवाय घरात पाऊल टाकायचं नाही! काय हो साहेब? वहिनी हल्ली दिसत नाहीत त्या कुठं?"

दोनतीन जण हसले. माझं डोकं फिरलं. मी उठून उभी राहिले. "तुम्हाला माहीत नाही तर—"

"शतकासाठीच खेळलो," दादा दारातून म्हणाला.

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या.

"एकाहत्तर झाल्यावर वाटलं, आता फळ्यावर नाव लागेल. मग जपून खेळलो. संघाचं नुकसान झालं. चूक झाली माझी." तो हे सगळं एका दमात म्हणाला, शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवतात तसं. माझ्याकडे त्याने बघितलं नाही.

पोपटाचं तोंड उघडंच राहिलं. त्याला वाद हवा होता, कबुली नको होती. कप्तान पायांकडे बघत होता. "आता कबूल केलंस म्हणून तुझ्याबद्दल मनात काही नाही," तो म्हणाला. "पण मग मी तुला घेऊ कसा? बाकीच्या पोरांना काय सांगू?"

"नको घेऊस," दादा म्हणाला.

"शतक ते शतक," अध्यक्ष काका म्हणाले. "नाव लागेल. तो नियम आहे."

असं ठरलं. नाव फळ्यावर, माणूस बाहेर. कोणीतरी पंखा बंद केला आणि सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले.

आम्ही पायी निघालो. कोपऱ्यावरच्या दुकानाची दिवाबत्ती नुकतीच झाली होती. मी चिडले होते आणि रडतही होते.

"मी जे सिद्ध करत होते, ते तू एका वाक्यात खोटं पाडलंस," मी म्हणाले. "आता सगळे कायम हेच म्हणणार."

"म्हणू दे. शिव्या देतायत ना, त्या निदान खेळाबद्दल आहेत. खरं कळलं असतं तर कीव आली असती त्यांना. कीव आली म्हणून कोणी मला संघात घेतलं असतं, तर मला बॅट धरवली नसती गं."

"तिला फोन केलास?"

"केला होता. उचलला तिने. म्हणाली, शतकाचं कळलं, अभिनंदन."

"मग?"

"मग काय. थँक यू म्हणालो."

त्याची इमारत आली. जिन्यातला दिवा लागलेला होता. त्याच्या खिडकीत अंधार होता, आणि खिडकीला पडदा नव्हता. दादा फाटकाशी थांबला, फाटकाला हात लावला, आणि परत काढून घेतला.

"तुला घाई नाहीये ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मागच्या गल्लीतून एक चक्कर मारून येऊ."

आम्ही चक्कर मारली. परत फाटक आलं. आम्ही पुढे चालत राहिलो.